तेहेतीस सुया

१

मेंग सुन-इम रविवारी सकाळी बाथरूममध्ये मेलेली सापडली आणि दुपारच्या जेवणाआधी गल्लीनं गुन्हेगार ठरवूनही टाकला.

छंगजू शहराच्या जुन्या बाजारामागच्या त्या गल्लीत सुन-इमचं दुकान बावीस वर्षांचं. जेवणाबरोबर खायच्या तयार भाज्या, मुरवलेले खेकडे, तऱ्हेतऱ्हेच्या आंबवलेल्या किमच्या. नवरा कधीच गेलेला. एकुलती पोरगी हे-रिम, वय एकतीस, पाच आठवड्यांवर तिचं लग्न. अशा घरात मरण आलं म्हटल्यावर माणसाला कुणावर तरी राग काढायला हवा असतो. गल्लीनं तो कोंग उन-बीवर काढला. उन-बी म्हणजे कोपऱ्यावरच्या दवाखान्यातली मदतनीस, सव्वीस वर्षांची.

प्रकरण होतं वजन उतरवायच्या इंजेक्शनचं. आठवड्यातून एकदा पोटावर टोचायचं, पेनासारखं दिसणारं. सुन-इमनं जूनपासून सोळा गुरुवार जुनं इंजेक्शन घेतलं, दर महिन्याला मात्रा वाढवत पार वरच्या पायरीवर गेली. मग ते सोडून तिनं नवं, जास्त जोरकस इंजेक्शन धरलं. गुरुवारी पहिलं टोचलं. शुक्रवारी ओकाऱ्या, शनिवारी ओकाऱ्या, रविवारी खेळ खलास.

दवाखान्यात बदलाच्या वेळी एक फॉर्म भरतात. त्यात प्रश्न होता, आधीच्या औषधानं मळमळ, वांती वगैरे झाली का. समोर खूण होती: नाही. सवय झालेलं शरीर आहे असं त्या फॉर्मवरून वाटलं आणि डॉक्टर यूंनी नवं औषध खालच्या पायरीवरून सुरू न करता मधूनच, चांगलं जोरात दिलं. आता डॉक्टर म्हणत होते, फॉर्म मदतनिसानं भरला, मी कागदावर विश्वास ठेवला. हे-रिम म्हणत होती, आम्हाला कुणी काही विचारलंच नाही, त्या मुलीनं मनानं खुणा केल्या.

"शुक्रवारी सरकारी वकिलाकडे फाइल जाणार," ठाण्याच्या साहेबांनी सांगितलं. "उघड केस आहे. मुलीनं हलगर्जीपणा केला. फार खोलात शिरू नका, ह्वांगबाई."

खोलात शिरू नका असं कुणी म्हटलं की ह्वांग मी-रानच्या अंगाचा तिळपापड होई. वय त्रेपन्न, अंगानं भरलेली, जिभेनं तिखट. एकोणतीस वर्षं पोलिसात काढलेली ही बाई खुर्चीत हलली तरी खुर्ची तक्रार करायची आणि ती खुर्चीलाही दोन शब्द सुनवायची.

शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरला तिनं फोन लावला. तो म्हणाला, औषध अस्सल होतं, मात्रा चिठ्ठीत लिहिली तेवढीच गेली. बाईला रक्तदाबाची लघवी वाढवणारी गोळी होती, त्यात तीन दिवस पोटात पाणी ठरलं नाही. अंगातले क्षार उतरले आणि हृदय थांबलं.

"पण तिला तर असल्या औषधाची चार महिन्यांची सवय होती," ह्वांगबाई म्हणाली.

"तेच मला कळत नाही, मॅडम. हे पहिल्यांदाच घेणाऱ्या बाईसारखं झालंय सगळं."

२

उन-बी मंगळवारी ठाण्यात आली ती हातात टॅक्सीची पावती चुरगाळत. दवाखान्यासमोर गल्लीतल्या बायका पाट्या घेऊन उभ्या होत्या म्हणून तिला मागच्या दारानं निघावं लागलं होतं.

"जेवलीस का?" ह्वांगबाईनं विचारलं.

"नाही, मॅडम."

"मग आधी ते पाव खा. उपाशी माणसाची साक्ष मी घेत नाही."

तिनं दोन घास कसेबसे गिळले. मार्चमध्ये परिचारिकेच्या कॉलेजात जायचं होतं तिला. सहा वर्षं मदतनीस म्हणून राबून तिनं फीचं जमवलं होतं. एकदा गुन्हा नोंदला गेला की ते दार कायमचं बंद होणार होतं आणि तुरुंगाची वारी वर.

"मी विचारलं होतं, मॅडम."

"काय शब्दांत?"

"'काकू, मळमळायचं का, ओकारी व्हायची का, पोट बिघडायचं का?' त्या हसल्या. म्हणाल्या, 'पोरी, माझं पोट लोखंडाचं आहे. चार महिने टोचून घेतेय, साधी करपट ढेकर नाही. भूकसुद्धा जशीच्या तशी. म्हणून तर बदलायचंय.'"

"भूक जशीच्या तशी?"

"हो. तेही मी डॉक्टरांना सांगायला गेले. पण बाहेर तीस माणसं बसली होती. आमच्याकडे एका माणसाला एक मिनिट मिळतं. ते म्हणाले, फॉर्मवर रकाना नाही तर कशाला सांगतेस, पुढचा पाठव."

ह्वांगबाईनं पेन खाली ठेवलं. गेल्या वर्षी ठाण्यातल्या चार बायकांनी मिळून हेच जुनं इंजेक्शन धरलं होतं, त्यात तीही होती. पहिल्या महिन्यात शिजत्या भाताचा वास आला तरी तिला बेसिन गाठावं लागे. सव्वा महिन्यात तिनं नाद सोडला होता. आणि ही सुन-इम वरच्या पायरीपर्यंत चढली, चारही महिने खेकडे चापत राहिली आणि एक ढेकर नाही. असल्या पोटाचं काय कौतुक करावं.

"त्या वेळी तिथे आणखी कोण होतं?"

"त्यांची मुलगी. आणि मुलीची होणारी सासू. त्याच गाडीतून घेऊन आल्या होत्या दोघींना. त्यांनी स्वतः आधीच नवं इंजेक्शन धरलंय."

"मुलगी काही बोलली?"

"फोनमध्ये बघत होती."

"घरी टोचायचं कोण?"

"मुलगीच. काकूंना सुईची भयंकर भीती. जूनमध्ये मी मुलीला पेन कसं धरायचं ते शिकवलं, सुई टोचायची, बटण दाबायचं, दहापर्यंत मोजायचं. तेवढं नुसतं बघतानाही काकू भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या, टॉवेल डोळ्यांवर." तिनं चुरगाळलेली पावती पुन्हा सरळ केली. "वापरलेल्या सुया मी सगळ्यांना पाण्याच्या बाटलीत साठवायला सांगते. भरली की आणून द्या म्हणते. नाहीतर लोक कचऱ्यात टाकतात आणि झाडूवाल्यांच्या हातात घुसतात. त्यांची बाटली अजून आली नाही."

बाकी सगळं ह्वांगबाईनं वहीत लिहून घेतलं. ही बाटलीची गोष्ट तिनं लिहिली नाही, पण तीच तिच्या डोक्यात राहिली.

३

बुधवारी सकाळी सुन-इमला अग्नी दिला. दुपारी ह्वांगबाई तिच्या घरी गेली.

नवव्या मजल्यावरचा दोन खोल्यांचा फ्लॅट. लग्नाच्या खोक्यांनी बाल्कनी भरून गेली होती: पांघरुणांचे गठ्ठे, भांडी आणि कोपऱ्यात किमची ठेवायचा कोरा करकरीत मोठा फ्रिज, अंगावरची पातळ प्लॅस्टिकची फीत अजून तशीच, वायर गुंडाळून चिकटपट्टीनं बांधलेली.

हे-रिमनं काळे कपडे घातले होते. पोरगी देखणी होती, पण मनगटाची हाडं वर आलेली. रडून रडून डोळे सुजले होते आणि ते रडणं खोटं नव्हतं, एवढं ह्वांगबाईला बघताक्षणी कळलं.

"शनिवारी तू कुठे होतीस?"

"फोटो काढायला. लग्नाआधीचे. सोल शहरात गेलो होतो, तारीख चार महिन्यांपूर्वी घेतलेली. आईच म्हणाली, जा, नाहीतर पुन्हा तारीख मिळणार नाही." तिनं डोळे पुसले. "तीनदा फोन केला मी. परत आले तेव्हा ती झोपली होती. मला वाटलं, बरं वाटलं असेल."

"दवाखान्यात ने म्हणाली नाही?"

"सगळ्यांनाच पहिल्यांदा ओकाऱ्या होतात, असं म्हणायची. बाजारातल्या बायकांनी तिला आधीच सांगून ठेवलं होतं."

"दवाखान्यात त्या मुलीनं काय विचारलं?"

"काहीच नाही. सांगितलं ना मी. सगळे तेच तेच का विचारता?"

"मी जाड आहे, बाळ. एक गोष्ट आत शिरायला मला वेळ लागतो." ह्वांगबाईनं बाथरूमकडे पाहिलं. वॉशिंग मशीनवर अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली होती, आत सुया. "ही मी घेऊन जाते."

"ती कशाला?" हे-रिम चटकन म्हणाली. मग सावरून, "न्या. दवाखान्यातच द्यायची होती."

ठाण्यात परतल्यावर ह्वांगबाईनं टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, बाटली कापली आणि चिमट्यानं एकेक सुई वेगळी केली. पेनाच्या टोकाला फिरवून बसवायच्या बारक्या सुया त्या, दर वेळी नवी लावायची. जुन्या इंजेक्शनचे सोळा गुरुवार, नव्याचा एक. म्हणजे सतरा.

तिनं मोजल्या. मग चहा घेतला आणि पुन्हा मोजल्या.

तेहेतीस भरल्या.

४

सुन-इमच्या दुकानासमोर ग्वाकबाईचं हानबोक, म्हणजे लग्नासणाचे घेरदार पोशाख, शिवायचं दुकान. लग्नात दोन्हीकडच्या आया पारंपरिक हानबोक घालून हातात हात धरून पुढे चालत जातात आणि मेणबत्त्या लावतात. तेवढी दोन मिनिटं नवरीला कुणी विचारत नाही, सगळे या दोघींना तोलतात. कुणाचा पोत भारी, कुणाची कंबर भारी.

"म्हणून तर हे सगळं," ग्वाकबाई तोंडातल्या टाचण्या काढत म्हणाली. "विहीणबाई काडीसारखी. सुन-इम म्हणायची, तिच्याशेजारी मी लोणच्याच्या बरणीसारखी दिसेन. मी म्हटलं, अगं बरणी तर बरणी, पोरगी तुझी आहे. पण ऐकेल तर ना."

"मापं कधी घेतली होती?"

"जूनमध्ये एकदा. परत सप्टेंबरच्या शेवटी, कारण तिला वाटलं उतरली असेल." तिनं वही काढली. "हे बघा. एका बोटाचा फरक नाही. छाती तीच, कंबर तीच. तोंड एवढंसं झालं बिचारीचं. म्हणाली, 'सगळ्या बाजाराला लागू पडतं, माझ्याच नशिबात नाही.' इथे बसून रडली. मी तिला भाताची पेज दिली, तर वाडगंभर पिऊन वर आणखी मागून घेतली."

ह्वांगबाईनं वहीचं पान उलटलं. पुढच्या पानावर हे-रिमचं नाव होतं आणि मापांवर दोनदा काट मारलेली.

"हे काय?"

"लग्नानंतर सासरी जाताना घालायचा तिचा हानबोक. दोनदा आत घ्यावा लागला. आजकालच्या पोरी, खात नाहीत काही. व्यायामाच्या वर्गाला जाते म्हणाली." ग्वाकबाईनं टाचणी गादीत खोचली. "मला म्हणाली, 'काकू, किती घेतलंत ते आईला सांगू नका, तिला वाईट वाटेल.' गुणी आहे पोर."

"घरी औषध कुठे ठेवायची सुन-इम?"

"साध्या फ्रिजमध्ये, दाराच्या कप्प्यात, अंड्यांशेजारी. मला दाखवलं होतं ना. किमचीचा फ्रिज तर तिनं गेल्या हिवाळ्यातच दुकानात आणला, घरात पोरीच्या रुखवताला जागा हवी म्हणून."

ह्वांगबाई उठली. दोन पावलं गेल्यावर तिनं मागे वळून, काही सुचतंय म्हणून नव्हे तर सवयीनं, विचारलं, "त्यांच्या दोघींचं पटायचं?"

"आई-लेकीचं? जीव होता पोरीत तिचा. आणि पोरीचा तिच्यात. खोटं कशाला बोलू."

५

सोल क्योंग-जा म्हणजे होणारी सासू. माध्यमिक शाळेची निवृत्त उपमुख्याध्यापिका. पाठ ताठ, मान लांब, घरात धुळीचा कण नाही. तिनं कापलेली पेअरची फळं पुढे ठेवली आणि स्वतः एकाही फोडीला हात लावला नाही.

"तुम्हीच नेलंत त्यांना दवाखान्यात?"

"विहीणबाईंचंच भलं म्हणून. मी जुनं सोडून नवं धरलं आणि दोन महिन्यांत हे असं झालं." तिनं मानेवरची सैल कातडी बोटांनी दाखवली, जणू बक्षीस मिळालंय. "मी नीट सुरुवातीपासून घेतलं हो. खालच्या पायरीवरून."

"दवाखान्यात त्या मुलीनं प्रश्न विचारला का?"

"मी ऐकलं नाही. पस्तीस वर्षं शाळेत काढली, दुसऱ्यांच्या बोलण्यात कान घालायची मला सवय नाही."

"किती अंतरावर होतात?"

"शेजारच्या खुर्चीवर."

"बरोबर आहे. शेजारच्या खुर्चीवरचं माणसाला कमीच ऐकू येतं."

सोलबाईच्या गालावर लाली चढली. तिला टोमणे मारायची सवय होती, खायची नव्हती. ह्वांगबाईनं ताटलीतली फोड उचलली आणि चवीनं खाल्ली.

"सून पसंत आहे तुम्हाला?"

"पोरगी चांगली आहे. सुरुवातीला जरा गुबगुबीत होती, पण आपणहून आवरलं. औषधं नाहीत, काही नाही. मी पहिल्याच दिवशी स्पष्ट विचारलं होतं. माझा मुलगा अडतीसचा. लग्न झालं की लगेच नातवंड हवं. या इंजेक्शनांवर असलेल्या बायकांनी मुलाचा विचार करू नये म्हणतात, आधी बंद करून थांबावं लागतं. म्हणून विचारलं, तू घेत नाहीस ना? म्हणाली, नाही, आई."

"आणि तुमचा विश्वास बसला."

"न बसायला काय झालं?" मग तिनं आवाज खाली आणला, कारण सांगायची खाज तिला आवरत नव्हती. "उलट दोन्ही घरांचं एकत्र जेवण होतं ना, जुलैत, हॉटेलात, तेव्हा मला वेगळीच शंका आली होती. मासा पुढे आला आणि पोरगी तोंडावर रुमाल धरून पळाली. दोनदा. मला वाटलं, दिवस गेलेत. मी रागावले नाही हो, मला तर आनंदच झाला. पण खात्री करायला नको? दुसऱ्या दिवशी चाचणी करून घ्यायला लावली. नव्हतं तसं काही."

"जुलैत कधी?"

"दुसरा शनिवार. मी विसरत नाही."

म्हणजे पहिल्या इंजेक्शनानंतर पाचवा आठवडा, मात्रा वाढली ती पायरी. ह्वांगबाईच्या तोंडातली पेअरची फोड तिला एकदम बेचव लागली. तिनं ती गिळली आणि रजा घेतली.

गाडीत बसल्यावर ती बराच वेळ किल्ली फिरवायची विसरली. सगळं जागच्या जागी बसत होतं आणि तिला ते बसायला नको होतं. सोळा गुरुवार आणि दर गुरुवारी दोन सुया, म्हणजे बत्तीस. एकाच पेनाला आळीपाळीनं दोन सुया लागल्या, दोन माणसांना टोचल्या गेल्या, पण औषध गेलं एकीच्याच अंगात. जिच्या अंगात गेलं ती बारीक झाली, ओकली. जिच्या अंगात गेलं नाही तिची भूक जशीच्या तशी राहिली. आई तर भिंतीकडे तोंड करून, डोळ्यांवर टॉवेल. नुसती सुई टोचायची, बटण दाबायचंच नाही, कुणाला कळणार.

आणि तेहेतिसावी सुई एकटीच होती. शेवटच्या गुरुवारी एकीनंच टोचून घेतलं होतं.

पण हे सगळं डोक्यातलं होतं. हे-रिमनं नाही म्हटलं की उद्या फाइल जाणार होती आणि तिच्यावर नाव कोंग उन-बीचंच राहणार होतं.

६

शुक्रवारी सकाळी नऊला हे-रिम ठाण्यात आली. उन-बीला ह्वांगबाईनं आधीच बोलावून बाहेरच्या बाकावर बसवलं होतं. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं नाही.

"बस, बाळ," ह्वांगबाई मऊ आवाजात म्हणाली. आयुष्यात फार कमी वेळा ती असं बोले. "मला वाटतं, यात कुणाचीच चूक नाही. काल रात्रभर विचार केला. तुझ्या आईला चार महिने जुनं औषध लागूच पडलं नाही, बरोबर?"

हे-रिमनं सावधपणे मान हलवली.

"औषध मेलं होतं. हे औषध एकदा गोठलं की नुसतं पाणी. किमचीच्या फ्रिजमध्ये मागच्या भिंतीला लावलेल्या बरणीत बर्फ होतो, हे आपल्याकडे कुणाला माहीत नाही? माझ्याही ओळखीच्या एकीनं असंच केलं होतं. आईनं तिथे ठेवलं असेल, तर तिच्या अंगात काही गेलंच नाही. नव्या औषधाला शरीर कोरं होतं. कुणाला कल्पना नव्हती. झालं ते झालं."

हे-रिमच्या खांद्यांतला ताण एकदम उतरला. तिनं श्वास सोडला.

"हो," ती म्हणाली. "तिथेच ठेवायची."

"घरी? बाल्कनीतल्या फ्रिजमध्ये?"

"हो. चारही महिने. मी तिला म्हणायचेसुद्धा."

"मग त्या बिचारीला तरी कसं कळणार. तिनं विचारलं, तुझ्या आईनं काही होत नाही म्हणून सांगितलं. दोघींनीही खरंच सांगितलं. असंच ना?"

"हो, म्हणजे... आता आठवतंय. विचारलं होतं तिनं. आई म्हणाली, माझं पोट लोखंडाचं आहे. मी तेव्हा लक्ष दिलं नव्हतं."

ह्वांगबाईनं ते शब्द जसेच्या तसे लिहून घेतले. पोरीला जाळ्यात ओढताना तिला अजिबात बरं वाटत नव्हतं, पण बाहेर बाकावर दुसरी पोर बसली होती.

"हे-रिम," ती म्हणाली, "बाल्कनीतल्या त्या फ्रिजवरचं प्लॅस्टिक अजून निघालेलं नाही. वायर बांधलेली आहे. तो फ्रिज आजवर कधी सुरूच झालेला नाही. जुना हिवाळ्यातच दुकानात गेला. तुझी आई औषध अंड्यांशेजारी ठेवायची."

हे-रिमनं हात मांडीवर ओढून घेतले.

"बाटलीत तेहेतीस सुया आहेत. तुझा हानबोक दोनदा आत घेतला, आईचा एकदाही नाही. जुलैत तू मासा बघून पळालीस. मी हे कुणाला सांगितलेलं नाही. तूच सांग."

मग तिनं सांगितलं. न रडता, न ओरडता, दुकानातल्या गिऱ्हाइकाला भाजीत काय घातलंय ते सांगावं तशी.

"मी आधी गेले होते डॉक्टरांकडे. म्हणाले, तुमचं वजन एवढं नाहीच, देता येणार नाही. आईला मिळालं. पहिल्या गुरुवारी वाटलं, एकदाच. ती भिंतीकडे तोंड करून बसली होती. मी सुई टोचली, बटणावर अंगठा नुसताच ठेवला. ती म्हणाली, 'झालं? कळलंसुद्धा नाही, हात हलका आहे तुझा.' मग मी माझ्या खोलीत नवी सुई लावून स्वतःला घेतलं. पुढच्या गुरुवारी पण एकदाच, असंच म्हटलं. असे सोळा झाले."

"दवाखान्यात बोलली का नाहीस?"

"सासूबाई शेजारी होत्या. त्यांना मी नाही म्हणून सांगितलं होतं. आणि लग्नाची पत्रिका छापून आली होती." तिनं तळहात टेबलावर ठेवले. "मी आईला घरी अडवलं होतं. म्हटलं, कशाला बदलतेस, आहेस तशी छान दिसतेस. ती म्हणाली, 'मेणबत्ती लावताना तुला माझी लाज वाटायला नको.'"

ह्वांगबाईला पुढचं विचारायचं नव्हतं. विचारणं भाग होतं.

"शेवटच्या गुरुवारी तू काय केलंस? त्या दिवशी सुई एकच आहे."

"माझं तर बंदच करायचं ठरलं होतं. लग्न जवळ आलं, मूल लगेच हवं म्हणतात." तिनं टेबलावरचे तळहात मिटले. "सगळ्यात वरच्या पायरीवर होते मी, मॅडम. शेवटी शेवटी मला काहीच व्हायचं नाही. मला वाटलं, मला होत नाही तर आईला काय होणार. चार महिने फसवलं होतं तिला. म्हटलं, आता तरी तिला मिळू दे. त्या दिवशी मी बटण दाबलं. पूर्ण दाबलं, दहापर्यंत मोजलं. तेवढं एकच खरं दिलं मी तिला."

बाहेर कुणाचा तरी फोन वाजून थांबला.

"शनिवारी फोन केला तेव्हा ती ओकतच होती. म्हणाली, 'हे-रिम, या वेळी लागू पडलं गं बाई. आता बघ तू.' इतकी खूश होती. दवाखान्यात जा म्हटलं तर का जा म्हणून सांगावं लागलं असतं. मी म्हटलं, झोप जरा, बरं वाटेल."

तिनं डोकं टेबलावर टेकलं आणि मग रडली, लहान मूल रडतं तशी, हुंदके देत. ह्वांगबाईनं तिच्या पाठीवर हात ठेवला. कुठलं कलम लावायचं ते सरकारी वकील ठरवणार होते. लग्नाचं सोलबाई ठरवणार होती आणि ते काय ठरणार हे खोलीतल्या दोघींनाही ठाऊक होतं. हुंदके ओसरल्यावर तिनं कागद पुढे सरकवला. हे-रिमनं सगळं आपल्या अक्षरात लिहिलं. पहिलं वाक्य, मदतनिसानं प्रश्न विचारला होता, हे.

सही झाल्यावर ह्वांगबाई बाहेर आली. उन-बी बाकावरून ताडकन उठली.

"घरी जा," ह्वांगबाई म्हणाली. "तुझं नाव फाइलवरून निघालं. मार्चमध्ये कॉलेजात जा."

उन-बीला आनंद व्हायला हवा होता. ती नुसती उभी राहिली.

"मॅडम, मी खरंच विचारलं होतं ना? सगळे इतके दिवस इतकं सांगतायत की मलाच वाटायला लागलं, मी स्वप्नात विचारलं की काय."

"विचारलं होतंस."

"पण मग त्या काकू माझ्याशी खोटं का बोलल्या? चार महिन्यांत काही झालं नाही म्हणून?"

दाराआड हे-रिम पुन्हा रडायला लागली होती. ह्वांगबाईनं ते दार ओढून घेतलं.

"ती खोटं बोलली नाही, बाळ," ती म्हणाली. "त्या खोलीत तुम्ही चौघी होतात. तू विचारलंस. खरं तेवढी तीच बोलली."